सोडा, उमी ये

उमी हातात नव्हती. माझा हात तसाच खाली धरलेला, बोटं उघडी, आणि त्यात पोर नाही. दुसऱ्या हातात मोबाईल, मोबाईलमध्ये माझी नणंद गावाकडनं विचारतीय, "वहिनी, समुद्र हलतोय का तुमचा हात हलतोय?" आणि मी बघते तर ओल्या वाळूवर तिची गुलाबी चप्पल, आत पाणी भरलेलं. एकच.

खोर फक्कानचा किनारा, ईदची सुट्टी, सकाळचे अकरा. माणूसच माणूस. छत्र्या, चटया, फुगे, पाण्याचे खोके, आणि जिकडं बघावं तिकडं तीन वर्षांची पोरं, सगळी पाठमोरी. मी उमी म्हणून ओरडायला गेले. आवाज भलताच आला, "धरा, धरा गं कुणीतरी," आमच्याकडं बैल सुटल्यावर ओरडतात तसा. बाजूची बाई आपलं पोर उचलून लांब सरकली.

लाल चड्डीतला, गळ्यात शिट्टी अडकवलेला, पाण्यात कुणी बुडू नये म्हणून ठेवलेला माणूस पळत आला. हिंदीत विचारायला लागला, "कितने साल की है? क्या पहना है? बच्ची किसके साथ थी?"

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मला देता आली नाहीत. सकाळी मीच घातलेला फ्रॉक, त्याचा रंग आठवंना. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र लगेच आलं. मी बोट वर केलं आणि दाखवलं.

ते बोट कुणाकडं होतं ते सांगायलाच हे लिहितेय. आमच्या शाळेच्या बाईंनी निरोप धाडला होता की वार्षिक अंकासाठी परदेशातल्या प्रवासाचं वर्णन पाठव, बोलतेस तसं लिही, चुका मी काढते. बाई, लिहिण्यातल्या काढा. दुसरी आहे ती तेवढी तशीच ठेवा.

नहदा

आमचं घर शारजात, अल नहदामध्ये, चौदाव्या मजल्यावर. खिडकीतनं रस्ता दिसतो आणि रस्त्यापलीकडं दुबई. उमीचे पप्पा सोन्याच्या गलाईवर आहेत. आमच्या विट्याकडची माणसं सोनं वितळवायला कुठं कुठं जातात, तसे हे इकडं आले आणि दीड वर्षापूर्वी मला न् उमीला घेऊन आले. मी नववी नापास. विमानात बसायच्या आधी मी लिफ्टमध्ये पण चढले नव्हते.

दुसऱ्याच महिन्यात मी हरवले. दूध आणायला खाली उतरले, उमी कडेवर, आणि येताना बिल्डिंगच सापडंना. सगळ्या एकसारख्या उंच, सगळ्यांच्या खाली एकसारखं किराणा दुकान. दीड तास उन्हात गरागरा फिरले. हे काम टाकून आले, मला शोधलं, घरी आणलं आणि पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "पुन्हा असं झालं ना सविता, तर तुझं तिकीट काढतो. आईला इकडं आणतो, ती बघील पोरीला." ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्या दिवसापासनं मी बाहेर पडले की उमीचा हात सोडत नाही. भाजी निवडायची तीसुद्धा एका हातानं.

आमच्या शेजारी नलिनीकाकू. मूळच्या साताऱ्याच्या, इथं हॉस्पिटलात नर्स. त्यांची सानिका इथंच जन्मली, एकोणीस वर्षांची आहे, कॉलेजला जाते. तिला मराठी कळतं सगळं, पण बोलायला लागली की इंग्लिशमधनं निघते, हिंदीत थांबते आणि कधीतरी मराठीत पोचते. मला वहिनी म्हणते, यांना दादा. उमीवर तिचा फार जीव. आणि दुसरा जीव जपानवर. मोबाईलवर बघून बघून जपानी भाषा शिकली आहे, कॉलेजच्या पोरींबरोबर जपानला जायचं ठरवत होती.

आता ते गाणं. उमी जेवत नाही. एक घास तोंडात घेऊन अर्धा तास गालात ठेवते. एक दिवस मोबाईलवर एकामागनं एक काय काय लागत होतं, मी वरणभाताची ताटली घेऊन तिच्या मागं, आणि एक गाणं लागलं. दोन डब्यांची पिवळी आगगाडी, एका अंगाला डोंगर, एका अंगाला समुद्र. खिडकीत एक बाई बसलेली, केस उडतायत, मांडीवर जेवणाचा डबा. आणि गाणारीनं स्पष्ट म्हटलं, "सोडा, उमी ये."

उमीनं माझ्याकडं बघितलं. "मम्मी, मला बोलावलं," म्हणाली आणि आ केला. मी पटकन घास घातला. तो गिळून परत आ.

मग आमचा खेळच झाला. मी तिचे दोन्ही हात धरायचे. गाण्यात "सोडा" आलं की सोडायचे. "उमी ये" आलं की तिनं सोफ्याला वळसा घालून पळत माझ्याकडं यायचं आणि घास घ्यायचा. एका जेवणाला दहा-बारा वेळा. असे कितीतरी महिने.

सानिकानं पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा हसून हसून जमिनीवर लोळली. "वहिनी! धिस इज अ ट्रेन अ‍ॅड!"

"कसली?"

"जपानी रेल्वेची जाहिरात गं. लाईक, आमच्या ट्रेननं फिरायला चला."

मला पटंना. रेल्वेला कशाला जाहिरात लागते? आमच्याकडं एसटीनं कधी गाणं म्हणून बोलावलंय का कुणाला? ती आली की आपणच पळायचं असतं, आणि कंडक्टरनं तोंड वाकडं केलं तरी चढायचं असतं. सानिका म्हणाली, तिकडं तसं नाही. लांबच्या गावांना लोकांनी हौसेनं जावं म्हणून रेल्वेवाले जाहिराती काढतात, बर्फाच्या दिवसांची वेगळी, फुलांची वेगळी, समुद्राची वेगळी, आणि चांगल्या गाणाऱ्यांकडनं गाणी घेतात. जाहिरात जाते पण गाणं लोकांच्या तोंडात राहतं. वीस वर्षांनी ऐकलं तरी माणसं रडतात म्हणे, तेव्हा आपण कुणासंगं कुठं गेलो होतो ते आठवून. "पीपल कलेक्ट देम, वहिनी. लिस्ट करून ठेवतात. आणि तुला माहितीये का, उमी म्हणजे..."

"उमी म्हणजे माझी लेक," मी म्हणले. "राहू दे तुझं शहाणपण."

ती नुसती हसली. मला खरं तर ऐकायचंच नव्हतं. कारण तोवर मी गावाकडं सासूला, नणंदेला, दोन्ही चुलतजावांना फोन करून सांगून बसले होते की जपानवाल्यांनी आपल्या उमीच्या नावाचं गाणं केलंय.

पुढं सानिकानं गंमत म्हणून तेच गाणं आपल्या फोनची रिंगटोन केली. तिचा फोन वाजला की उमी पॅसेजमध्ये सुसाट सुटायची आणि सानिका गुडघ्यावर बसून हात पसरायची.

पहिला दिवस, डोंगराकडं

ईदला गलाई बंद. यांनी मित्राची गाडी मागून आणली. खोर फक्कानला, डोंगरापलीकडच्या समुद्राला जायचं, एक रात्र राहायचं. काकूंना ड्युटी होती, त्या म्हणाल्या, "सानिकाला ने गं. पोरीला धरायला दोन हात जास्त होतील." हे वाक्य मी नंतर फार वेळा मनात म्हटलंय.

मी पहाटे उठून धपाटी केली, शेंगदाण्याची चटणी घेतली, दह्याचा डबा. सानिका धपाट्याचा रोल करून खात होती आणि म्हणत होती, "वहिनी, तू कॅफे काढ." वाळू संपून डोंगर लागायच्या आधी एका ठिकाणी रेल्वेचा रूळ दिसला, उंच खांबांवरनं वाळूच्या वरनं गेलेला. मोकळा. सानिकानं काच खाली केली, "बघ उमी, तुझी ट्रेन!" ट्रेन काही आली नाही, पण उमीनं रुळाला बघून "सोडा, उमी ये" सुरू केलं, मग सानिकानं जपानी सूर लावला, मी मराठीत, आणि गाडी चालवता चालवता यांनी पण स्टिअरिंगवर ताल धरला. लग्नाला पाच वर्षं झाली, मी यांना गाताना पहिल्यांदा ऐकलं. आवाज चांगला आहे हो त्यांचा.

चहाला थांबलो. इथं आपण टपरीवर जात नाही, टपरीच गाडीपाशी येते. हॉर्न वाजवायचा, पोऱ्या नाही, दाढीवाला मोठा माणूस येतो आणि विचारून जातो. मला पाय मोकळे करायचे होते म्हणून मी उतरून दुकानाशी जाऊन उभी राहिले, तर आतला माणूस हात हलवून म्हणाला, "यल्ला, यल्ला." मला वाटलं हाकलतोय. मी खाली मान घालून परत गाडीत येऊन बसले. सानिका म्हणाली, "अगं, यल्ला म्हणजे चल लवकर, सांग काय पाहिजे!" हे हसले, उमी पण हसली, तिला काय कळलं देव जाणे. मी पण हसले, पण कान तापले. दीड वर्ष झालं आणि मला अजून 'ये' आणि 'जा' यातला फरक कळत नाही, असं वाटलं.

पुढं एका धरणावर बदकं होती. उमीनं आपलं धपाटं त्यांना घातलं, स्वतः एक घास खाल्ला नाही. मग डोंगर. आमच्याकडचे डोंगर उघडे असले तरी दोन महिने तरी हिरवं अंगावर घेतात. हे डोंगर भाजून काढलेल्या ढेकळासारखे, गवताची काडी नाही, आणि उन्हात बघवत नाही इतके तापलेले. त्यांच्या पोटातनं बोगदे काढलेत. बोगदा आला की मी उमीचा हात दाबायची, ती म्हणायची, "मम्मी, दुखतंय."

आणि मग वळणावर एकदम समुद्र.

मी जन्मात समुद्र बघितला नव्हता. शारजाला पण आहे म्हणतात, पण मी नहदाच्या बाहेर कधी पडलेच नव्हते. आमच्याकडं पाणी टँकरनं येतं, घागर लावून नंबर धरायचा. पाणी म्हणजे एवढं, मोजता येईल असं. हे पाणी दिसलं तेव्हा मला आनंद व्हायच्या आधी भीतीच वाटली. एवढं पाणी कुणाचं? कोण राखतं ते? एका बाजूला बंदर, तिथं लाल-निळे लोखंडी खोके एकावर एक रचलेले, आणि ते उचलायच्या उंच उंच यारी, जिराफासारख्या माना काढून उभ्या. हे म्हणाले, त्या खोक्यांतनं जगातला माल येतो. मी म्हणले, आमच्या विट्याला पण येत असंल. म्हणाले, येतोय की, मीच उलटा आलोय.

संध्याकाळी मासा खाल्ला. अख्खा, डोक्यासकट, कोळशावर भाजलेला, भातावर ठेवलेला. तिखट नाही, आंबट नाही, काही नाही. मी पिशवीतनं शेंगदाण्याची चटणी काढली आणि टेबलाखाली धरून लावून खाल्ली. वेटर मल्याळी होता, त्यानं बघितलं आणि हळूच म्हणाला, "दीदी, थोडा हमको भी दो." त्याला दिली. त्यानं दुसऱ्या फेरीला लिंबू जास्त आणलं.

सांगायचं ते हे, की पहिला दिवस चांगला होता. माझ्या आयुष्यातला चांगला दिवस होता.

दुसरा दिवस, पाण्यापाशी

सकाळी यांनी आम्हाला किनाऱ्यावर उतरवलं आणि गाडी लावायला गेले. गर्दी एवढी की जागा मिळंना. उमीनं आईसक्रीमवाला बघितला. लाईन मोठी होती. सानिका म्हणाली, "मी आणते. वहिनी, धरून ठेव हं तिला." हे तिचे शब्द. "धरून ठेव हं तिला." मी मान हलवली.

मी आणि उमी घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या. पायाखालची वाळू सरकते ना, ते मला माहीतच नव्हतं, पाणी मागं जाताना आपल्यालाच ओढतंय वाटतं. मी तिचा हात घट्ट धरला. तेवढ्यात नणंदेचा व्हिडिओ कॉल. मी उचलला. न उचलून चाललं असतं. पण मला तिला समुद्र दाखवायचा होता. खरं सांगायचं तर समुद्र नाही, समुद्राजवळची मी दाखवायची होती. नवा ड्रेस होता, गॉगल सानिकाचा होता.

तिकडं यांना गाडीला जागा मिळंना, म्हणून यांनी मला फोन लावला. माझा बिझी. मग सानिकाला लावला. हे मला नंतर कळलं. मला तेव्हा एवढंच ऐकू आलं की पाठीमागं कुठंतरी, लांब, माणसांच्या गलक्यात, गाणं वाजतंय.

"सोडा..."

आणि माझी बोटं उघडली.

उमीनं हिसका मारला नाही. तिनं ओढलं नाही. लोक म्हणतात पोरं निसटतात, ती निसटली नाही. मी सोडली. रोज दहा वेळा सोडायची तशी सोडली. मोबाईलमध्ये नणंदेला मोठं जहाज दाखवत होते आणि हात आपला त्याचं काम करून मोकळा झाला.

"...उमी ये."

सानिकानं फोन उचलला असेल, गाणं तिथंच तुटलं. गाणं थांबल्यावर ती कुठं जाणार? आवाज नाही, आई मागं राहिली, आणि सगळीकडं पाय. मोठ्या माणसांचे नुसते पाय.

पुढचं तुम्हाला सांगितलंच. शिट्टीवाला आला. "बच्ची किसके साथ थी?" त्याच वेळी एका बाजूनं हे पळत येत होते आणि दुसऱ्या बाजूनं सानिका, हातात तीन आईसक्रीम, वितळून मनगटावर आलेली. मला यांचा चेहरा दिसला. तिकीट काढतो म्हणताना होता तोच, शांत. मी बोट वर केलं आणि सानिकाकडं केलं.

"इसके साथ थी," मी म्हणले. आणि यांना कळावं म्हणून मराठीत पण म्हणले. "हिच्याकडं दिली होती."

"दादा, मी तर..."

"गप!" हे ओरडले. माझ्यावर कधी ओरडले नाहीत असे ओरडले. "तुझ्या भरवशावर पोर दिली आणि तू आईसक्रीम खात फिरतीस? काकूंनी याच्यासाठी पाठवलं होतं तुला?"

सानिकानं माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. मी समुद्राकडं बघितलं.

"सॉरी दादा," ती म्हणाली.

तिनं आईसक्रीम वाळूत टाकली, हात जीन्सला पुसला, फोन काढला. शिट्टीवाल्याचे दोन सोबती तोवर पाण्यात शिरत होते. ते बघून मी खाली बसले. सानिका वाकून मला म्हणाली, घाईत, रागानं नाही, "वहिनी, ऐक. उमी मीन्स सी. समुद्र. गाण्यात सोडा म्हणजे हां, ठरलं, आणि उमी ये म्हणजे समुद्राकडं! ती माझ्या फोनकडं आली होती. गाणं ऐकलं की येईल. चल, ऊठ." आणि तिनं गाणं मोठ्यांदा लावलं आणि फोन डोक्यावर धरून पाण्याच्या कडेनं पळत सुटली.

मी तिच्या मागनं. एवढे महिने मी माझ्या लेकीला हात धरून धरून समुद्राकडं धाडत होते, आणि ते नाव म्हणून गावभर सांगत होते. पळताना माझ्या डोक्यात एवढंच. लोक बघत होते. एक मुलगी रडत रडत फोन वर धरून पळतेय, त्यात कुणी परकी बाई गातेय, आणि मागं एक बाई अनवाणी, हातात एक गुलाबी चप्पल. मला त्या गाण्याबरोबर ओरडायचं होतं, "उमी ये," पण तोंड उघडायची लाज वाटली. पोर पाण्यात असंल आणि मला चारचौघांत गायची लाज वाटत होती. असली मी.

किनारा संपत आला, दगड लागले. तिथं एका चटईवर एक अरबी कुटुंब बसलेलं, मोठं, पोरंबाळं, डबे, थर्मास. मधोमध काळ्या कपड्यातली म्हातारी, आणि तिच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली उमी. दोन्ही हातात कलिंगडाची फोड. खात होती. न सांगता, न पळवता, बिया थुंकत खात होती.

गाणं ऐकून ती उठली. "सोडा, उमी ये!" ओरडली आणि पळत आली. मी वाळूत गुडघे टेकले आणि हात पसरले. ती माझ्या बाजूनं गेली. सरळ सानिकाकडं, फोनकडं. सानिकानं तिला उचललं आणि तिच्या गळ्यात तोंड खुपसून हमसून हमसून रडली.

म्हातारीनं मला पाणी दाखवलं. "बहर, बहर," म्हणाली, म्हणजे समुद्र. मग आपल्या कमरेच्या वर हात लावून दाखवलं, पोर इथपर्यंत पाण्यात होती. टॉवेलातला फ्रॉक छातीपर्यंत ओला होता. पिवळा होता फ्रॉक. म्हातारी स्वतः पण गुडघ्यापर्यंत भिजली होती. तिनं दोन्ही हात झटकले आणि म्हणाली, "खलास, खलास." झालं, संपलं. माझ्या डोक्यावरनं हात फिरवला आणि मला पण कलिंगडाची एक फोड दिली. मी ती खाल्ली. गोड होती, ते पण मला आठवतंय.

परत

येताना हे एकटे पुढं, आम्ही तिघी मागं, उमी मधे झोपलेली. कुणी गायलं नाही. बोगद्यातनं जाताना काचेत सानिकाचा चेहरा दिसायचा, बाहेर आलं की जायचा. तिसऱ्या की चौथ्या बोगद्यानंतर ती हळू आवाजात म्हणाली, मराठीत म्हणाली, एकही इंग्लिश शब्द न घालता, "वहिनी, मी तर रांगेत होते ना."

विचारलं नाही तिनं. नुसतं सांगितलं. तो रूळ परत आला होता बाहेर, खांबांवरचा, मोकळा. मी त्याच्याकडं बघत राहिले, तो संपेपर्यंत.

घरी आल्यावर हे मला म्हणाले, "तुझी काय चूक. तू घाबरू नको." दीड वर्षात पहिल्यांदा म्हणाले. ते ऐकायला मी काय नसतं केलं. आणि ऐकल्यावर मी मोरीत जाऊन नळ सोडून बसले.

दुसऱ्या दिवशी काकू आल्या. ड्युटीवरनं तशाच, पायात हॉस्पिटलचे पांढरे बूट. हातात स्टीलचा डबा, आत रव्याचे लाडू. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "सविता, माझी पोर चुकली गं. इथं वाढली, जबाबदारी कशाशी खातात माहीत नाही. जपानला जायचं म्हणत होती, मी सांगितलं, तीन वर्षांची पोर दोन मिनिटं सांभाळता येत नाही, तू कसली परदेशात एकटी फिरतीस. नाव काढून टाक म्हणलं. तू मनात ठेवू नको."

मी काय म्हणले माहितीये? मी म्हणले, "राहू द्या हो काकू. पोरंच आहेत, चुकतात."

आणि डबा घेतला.

सानिका आता येत नाही. पॅसेजमध्ये तिचा फोन वाजतो तो साधा वाजतो, ट्रिंग ट्रिंग. उमी तरीपण दारापाशी जाऊन उभी राहते. जेवताना मी एकदा नुसतं "सोडा" म्हणून बघितलं, गाणं न लावता. तिनं माझी बोटं आणखी घट्ट धरली. नखं लागली मला.

काल लिफ्टमध्ये सानिकाची मैत्रीण भेटली. म्हणाली, आमची नावं द्यायची महिनाअखेरपर्यंत मुदत आहे, आंटी जरा समजावा ना सानिकाच्या मम्मीला. मी म्हणले, इन्शाल्ला. इथं सगळे म्हणतात तसं.

लाडू संपले. उमीनंच संपवले, कलिंगडासारखे, न सांगता. डबा घासून पुसून ओट्यावर ठेवलाय, त्याला आज आठ दिवस. त्यात माझं तोंड दिसतं, लांबट. आपल्यात शेजारणीचा डबा रिकामा परत देत नाहीत, तुम्हाला ठाऊकच आहे. धपाटी करून घालावी तर काकू म्हणतील, कशाला गं, चूक आमची होती. तशीच जाऊन सगळं सांगावं तर संध्याकाळपर्यंत ते यांच्या कानावर जाईल, आणि माझं तिकीट निघेल, उमीचं नाही.

रोज सकाळी मी डबा हातात घेते, काकूंच्या दारापर्यंत जाते, पाच पावलं आहेत. बेलवर बोट ठेवते. तेच बोट. आणि परत येते.

तुम्ही माझ्या जागी असता तर काय घालून दिला असता तो डबा?